शालूआक्कांच्या दोन बरण्या

शालूआक्कांच्या राज्यात पाण्याला एका रात्रीचंच आयुष्य असे. सकाळ झाली की कालचं उरलेलं पाणी शिळं ठरून तुळशीला, जाईला जायचं, घागरी चिंचेनं घासून लखलखीत व्हायच्या आणि मग नळाच्या चावीचं ताजं पाणी भरलं जायचं. मिरजकर तिकटीजवळचं ते घर होतं धाकट्या भावाचं, यज्ञेश्वरचं. तो हायस्कुलात विज्ञान शिकवी. त्याची बायको प्रमोदिनी, आणि त्यांची पाच महिन्यांची नंदिनी.

लग्नानंतर वर्षाच्या आतच आक्कांचा नवरा तापानं गेला. सासरच्यांनी 'पांढऱ्या पायाची' म्हणून माहेरी पाठवून दिलं. लोकांचं तोंड कोण धरणार? पण वाईट असं, की आक्कांनी ते खरं मानलं. तेव्हापासून त्या कुणा बाळंतिणीच्या खोलीत गेल्या नाहीत की कुणाच्या बारशाला. घरच्या नंदिनीलाही दुरूनच टाळ्या वाजवून हसवायच्या. प्रमोदिनी कधी काही बोलली नाही. पण आक्का पाळण्याजवळ आल्या की तिला नेमकं बाळाला पाजायचं आठवे.

१९५४ च्या उन्हाळ्यात यज्ञेश्वर मुंबईला काचेआडचे मासे बघून आला आणि झपाटला. लोखंडी चौकट करून आणली, काचा बसवल्या, फटी बुजवायला लांबी थापली. पेटी दोनदा गळून घरभर तळं करून मोकळी झाली, तेव्हा कुठं टिकली. एवढं होईपर्यंत आषाढ लागला. शाळेच्या विहिरीत डासांसाठी गप्पी मासे सोडलेले होते. त्यातले रंगीत शेपटीचे निवडून त्यानं घरी आणले.

"आक्का, पेटी तुझ्या ताब्यात. पाण्यातलं या घरात तुलाच कळतं."

आक्कांना काय आनंद झाला म्हणून सांगू! जिवंत असं काही त्यांच्या हाती आजवर कुणी दिलंच नव्हतं. त्या रोज पहाटे मासे वाटीत काढायच्या, पाणी फेकायच्या, तळाची वाळू चोळून धुवायच्या, काचा घासायच्या आणि चावीचं ताजं पाणी भरायच्या. मासे दुपारी वर येऊन तोंडं उघडझाप करत, मग कुशीवर कलत. एकेक करून सगळे मेले. यज्ञेश्वरनं दुसरे आणले. तेही मेले.

"पेटी प्रमोदिनीला दे," आक्का म्हणाल्या. "माझा हात नको त्यांना."

यज्ञेश्वरचं लक्ष कुठं होतं! त्याला कोडं सुटत नव्हतं. त्यानं खाणं कमी करून पाहिलं. लांबी विषारी असेल म्हणून ती खरवडून बघितली. शाळेतला लिटमसचा कागद पाण्यात बुडवला. कागदानं काही सांगितलं नाही. हिरवट विहिरीत मजेत राहणारे मासे आक्कांच्या आरशासारख्या पाण्यात मरतात म्हणजे काय?

एके सकाळी कृष्णात गवळी नेहमीसारखा म्हैस घेऊन दारात धार काढायला आला. आक्कांनी म्हशीपुढं बादली ठेवली, तर म्हशीनं नाक उडवून तोंड फिरवलं.

"मास्तर, चावीच्या पान्याला म्हस तोंड लावंना झालीया. लई औषध मारल्यात की हो. वास तर बघा!"

यज्ञेश्वरनं बादलीत नाक घातलं. माणसांच्या नाकाला एव्हाना सवय झाली होती, पण वास होता. पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी क्लोरीनचं औषध जास्त पडणारच. माणसं त्यानं वाचतात, पण मासे?

त्यानं काचेच्या दोन बरण्या काढल्या. एकीत भरायचं ताजं पाणी. दुसरीत दोन दिवस परातीत उघडं ठेवलेलं.

"शिळ्या पाण्यात जीव सोडायचे? शी!" आक्का म्हणाल्या.

"भर तर. तुझ्याइतक्या स्वच्छ मला जमायच्या नाहीत."

नाइलाजानं त्यांनी दोन्ही बरण्या घासल्या, भरल्या, आणि मन घट्ट करून विहिरीतलेच नवे मासे दोन्हींत सोडले. संध्याकाळपर्यंत ताज्या पाण्यातले कलले. शिळ्या पाण्यातले भाताच्या कणामागं पळत होते. दुसऱ्या दिवशीही पळत होते.

"सापडलं!" यज्ञेश्वर टाळी वाजवून ओरडला. "पाणी शिळं झालं की औषध उडून जातं. आता पेटी रोज रिकामी करायची नाही, वाळू धुवायची नाही. थोडंसं पाणी काढायचं आणि तेवढंच शिळं घालायचं, बस्स!"

आक्का बरण्यांकडे बघत होत्या.

"दोन्ही मीच भरल्या ना रे?"

"हो."

"दोन्हींत मासे मीच सोडले?"

"तूच की. का गं?"

आक्का हळूच खाली बसल्या. "मग मी इतकी वर्षं कुणाचं पोर मांडीवर घेतलं नाही, ते कशासाठी रे?"

आपण आक्काला कधी विचारलंसुद्धा नाही, याची यज्ञेश्वरला लाज वाटली. दारात प्रमोदिनी नंदिनीला घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला. ती पुढं आली आणि तिनं नंदिनीला आक्कांच्या मांडीवर ठेवलं.

सकाळच्या घागरी घासून आक्कांचे हात अजून ओलेच होते. नंदिनीनं त्यांचा अंगठा पकडला आणि सरळ तोंडात घातला.