आखाडातला रस्सा आणि शिकागोच्या बायका

शिकागोच्या बायकांना मी वीस वर्षं हसत आले. कोल्हापूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि अमेरिकेचा पेपर माझ्याकडे असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं पोलादाचे कारखाने, रेल्वे, कत्तलखाने धडाक्यानं वाढले. इटली, पोलंड, रशियातून बोटी भरभरून माणसं पोटासाठी आली आणि अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीनं राहू लागली. तेव्हा काही शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बायका मुद्दाम त्या वस्तीत राहायला गेल्या. त्यांनी पाळणाघरं काढली, इंग्रजीचे वर्ग काढले. इथवर मी गहिवरून सांगते. मग काहींनी स्वयंपाकघर काढलं आणि लसूण-मसाल्यावर वाढलेल्या लोकांना मोजूनमापून, उकडून, पौष्टिक जेवण वाढायला घेतलं. तिकडं फारसं कुणी फिरकेना. "एवढं शिकल्या, पण जेवणाऱ्याला विचारायचं सुचलं नाही," असं मी म्हणायची आणि वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्यानं मीच हसायची.

आमच्या ह्यांची शिरोलीला छोटी फाउंड्री आहे. तिथं वाळूचे साचे भरणारा कारागीर बिहारचा. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याची बायको पोरीला घेऊन डबा द्यायला आली होती. मी सहज विचारपूस केली, तर बाई घळाघळा रडायलाच लागली. तीन वर्षं झाली, या गावात बोलायला एक माणूस नाही, म्हणाली. दिवाळीनंतर छठपूजेला गावी जायचं ते परत न येण्यासाठी, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पोरगी तिसरीत, मराठी शाळेत, वर्गात पहिली. तिला आजोळी ठेवणार आणि शाळा सुटली तर सुटली. पोरगी आईचा पदर धरून नुसती माझ्याकडे बघत होती.

मला राहवेना. कारखान्यामागच्या शेडमध्ये दर रविवारी बायकांसाठी मराठीचा वर्ग घ्यायचा, असं मी जाहीर केलं. "पुस्तकातलं खूळ हितं आणू नगंस," हे म्हणाले. पण पहिलाच रविवार आखाडातला शेवटचा आहे म्हटल्यावर मटण आणायला स्वतःच पळाले. श्रावण लागायच्या आत मटण झालंच पाहिजे, याबद्दल कोल्हापुरात दुमत नसतं.

अकरा जणी आल्या. सगळ्यांच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या. एवढ्या सगळ्या नव्या नवऱ्या कुठून आल्या, असं माझ्या मनात आलं, पण विचारलं नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, सगळं मी स्वतः वाढलं. अकरा जणींनी मान खाली घातली आणि अकरा जणींचं पोट दुखायला लागलं. एकीनंही घास उचलला नाही.

पुढच्या रविवारी शेडमध्ये मी आणि फळा. मला असा राग आला! दोन दिवस मी घरात भांडी आपटत होते. बुधवारी वर्गात नेमका शिकागोचाच धडा होता. रागाच्या भरात मी ही हकीकत पोरांना सांगून टाकली. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "मॅडम, म्हंजे त्या बायकांगत तुमचंबी झालं की! तुम्ही तरी कुठं इचारलं?"

वर्ग खो खो हसला. मी त्याला बस म्हटलं आणि संध्याकाळी त्या कारागिराच्या बायकोच्या खोलीवर गेले.

तिनं घाबरत घाबरत सांगितलं. त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. आमचा आखाड चालू होता, तेव्हा त्यांचा सावन, म्हणजे श्रावण, लागून आठवडा उलटला होता. हिरव्या बांगड्याही सावनाच्याच. सावनात मटण कुठलं, कांदा-लसूणसुद्धा नाही. आणि मालकीणबाई स्वतः वाढतायत म्हटल्यावर नको कसं म्हणायचं? पुढं यायचं तर पुन्हा तेच ताट, म्हणून त्या आल्याच नव्हत्या. हे सगळं छापलेलं कॅलेंडर माझ्या स्वयंपाकघरात वर्षभर लटकतंय आणि मी इतिहासाची बाई! मला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आवरेना. मग तीही हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होते.

त्यानंतर फळा गेला आणि चूल आली. त्यांनी कणकेच्या गोळ्यांत सत्तूचं, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, सारण भरून लिट्ट्या भाजल्या, मी बाजूला बसून शिकले. माझी लिट्टी फुटली की सगळ्या टाळ्या पिटायच्या. मिठावरून, मिरचीवरून भांडताना त्या जे मराठी शिकल्या, ते माझ्या फळ्यानं दहा वर्षांत शिकवलं नसतं. भाजीवाल्याला पोरीची आई "आवं, ताजी द्या की!" म्हणून दरडावू लागली, तेव्हा मी धन्य झाले.

दिवाळी झाली. गावी निघताना पोरीनं आपलं दप्तर माझ्याकडे दिलं. "बाई, सांभाळा," एवढंच म्हणाली. मी आईला विचारलं, "येणार ना परत?"

"बघू की," ती म्हणाली. या उत्तराचा कोल्हापुरात काहीही अर्थ होतो, आणि हे उत्तर तिला शिकवलेलं मीच.

छठ झाली. एक रविवार गेला, दुसरा गेला. दप्तर मी कपाटात ठेवलं, कारण समोर दिसलं की जीव कासावीस व्हायचा.

तिसऱ्या रविवारी शेडसमोर रिक्षा थांबली. आधी बोचकं उतरलं, मग ती, मग डोक्यावरून पदर ओढलेली एक कोवळी पोर, तिची नवी जाऊ. रिक्षावाला बोचकं देता देता म्हणाला, "पावणं कुठलं म्हणायचं?"

"पावणी ही हाय," ती ठसक्यात म्हणाली. "आमी हितलंच की!"

तेवढ्यात पोरगी रिक्षातून उडी मारून धावत आली. "बाई, माझं दप्तर?"

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, अगदी हुंदके देऊन. तिनं मला रडू दिलं आणि मग जावेला पुढं केलं.

"बाई, ही आपल्याकडं पयल्यांदा जेवनार. आदी इचारा."

मी डोळे पुसून विचारलं, "काय खाशील गं?"

जावेनं पदराआडून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती हसत सुटली.

"मटन म्हनत्या! सावन कवाच संपला की, बाई."