वर्गमुळाची फीत

माझ्या मित्राला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो अजून चाळिशीलाही पोचला नव्हता. सकाळी दाढी करता करता तो खाली बसला, आणि त्याला उठवायला गेले तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं. वाचाही गेली. मिरजेच्या दवाखान्यातून त्याला माधवनगरच्या खोलीवर आणलं, तेव्हा त्याच्यापाशी एकच शब्द शिल्लक होता. ‘व्हय.’ पाणी हवं असलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय. आपण चुकीचं बोललो हे त्याला कळायचं. मग तो डोळे मिटून घ्यायचा.

सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघं गणित शिकवत होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून टाकलेला एक संगणक कॉलेजला मिळाला होता. लोखंडी कपाटाएवढा. त्याला जोडलेल्या टाइपरायटरवर आपण आदेश टाइप करायचा, आणि त्याचं उत्तर त्याच कागदावर खडखडत उमटायचं. तास संपले की आम्ही त्याच खोलीत असायचो.

माझा जन्म साताऱ्याचा, पेठेतला. तो औंधच्या पलीकडच्या कोरड्या माळावरचा. त्याचा थोरला भाऊ पलटणीत होता आणि म्हातारा बाप जोंधळ्याचं शेत बघत होता. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी एक सोसायटी काढली होती. नदीचं पाणी पंपानं उपसायचं आणि नळानं माळावर चढवायचं. कुठल्या गावाला किती जाडीचा नळ लागेल आणि तिथं पाण्याला किती दाब राहील, ही आकडेमोड फार किचकट होती. ती संगणकावर करून देतो असं यानं स्वतःहून सांगितलं होतं. सगळा हिवाळा त्यानं त्या प्रोग्रॅमवर घालवला.

“पाणी आलं की तुला आमच्या रानात हुरड्याला न्हेतो बघ,” तो म्हणायचा. “आत्ता आलास तर धुरळाच खायला लागंल गड्या.”

प्रोग्रॅम लिहून झाला, पण सगळ्या गावांसाठी चालवायच्या आधीच उन्हाळ्यात हा असा पडला.

पावसाळ्यात सोसायटीचा इंजिनिअर कॉलेजात आला. सज्जन माणूस होता. मित्राची चौकशी केली, हळहळला. मग म्हणाला, “नळांची ऑर्डर द्यायची वेळ आलीय. त्यांचे आकडे मिळाले असते तर बरं झालं असतं.” मी म्हटलं, प्रोग्रॅमची फीत आहे, मी चालवून देतो. मला ते दोन दिवसांचं काम वाटलं होतं.

तेव्हा प्रोग्रॅम कागदी फितीवर ठेवत. बोटभर रुंदीची लांबलचक पट्टी, तिच्यावर बारीक भोकं. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत न्यायला कंपायलर लागतो. त्यातून निघालेले तुकडे जोडायला लिंकर लागतो. ही दोन्ही अवजारं म्हणजेही प्रोग्रॅमच, ती आधी यंत्राच्या तबकडीत, म्हणजे डिस्कवर, असावी लागतात. आमची तबकडी मधल्या काळात बिघडली होती. कंपनीच्या माणसानं नवी बसवली, पण तिच्यात यंत्र सुरू होण्यापुरतंच भरून दिलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. मी कंपायलरचा आदेश टाइप केला, तर यंत्रानं तो शब्द जसाच्या तसा परत छापला आणि पुढं एक प्रश्नचिन्ह ठेवलं. मी स्पेलिंग तपासलं. पुन्हा टाइप केला. पुन्हा प्रश्नचिन्ह.

मग कपाटं धुंडाळणं आलं. कंपायलरची फीत एका बिस्किटांच्या डब्यात सापडली. ती तबकडीत उतरवली, आणि मित्राचा प्रोग्रॅम पहिल्या पायरीवरून पुढं सरकला. लिंकरचा आदेश दिला, तर तिथंही प्रश्नचिन्ह. त्याचीही फीत होती, पण ओलीनं फुगून तिचे पदर एकमेकांना चिकटले होते. सोडवताना ती हातात फाटली.

पुण्याच्या एका संस्थेत अशाच जातीचं यंत्र होतं. एसटीनं गेलो, तिथल्या बाईंना विनंती करून लिंकरची नक्कल काढून घेतली आणि पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून परत आलो. पाऊस थांबतच नव्हता. मला आठवतं, साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली, पण घर इतकं जवळ असून उतरावंसं वाटलं नाही.

लिंकर चालला. पण शेवटी त्यानं एक ओळ छापली. वर्गमूळ काढणारा भाग सापडत नाही. यंत्रासोबत तयार मिळणाऱ्या लायब्ररीतला वर्गमुळाचा भाग फार हळू चालतो म्हणून मित्रानं स्वतःचा लिहिला होता, त्याला नावही स्वतःचंच दिलं होतं. त्याची फीत वेगळी होती. ती कॉलेजात कुठंच नव्हती.

मी माधवनगरला गेलो. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. गिरणीचा भोंगा नुकताच झाला होता आणि रस्त्यानं कामगार चालले होते. मी त्याच्यासमोर बसलो आणि विचारलं, “वर्गमुळाची फीत कॉलेजात आहे का?”

“व्हय,” तो म्हणाला.

“घरी आहे?”

“व्हय.” डावा हात त्यानं खुर्चीवर आपटला. तोंड उघडलं, बराच वेळ उघडं ठेवलं. घशातून नुसता आवाज आला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मला पुढं विचारवेना.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, चुलीपासून उठून आल्या. “काय शोधताय भाऊजी?”

मी कागदी फितीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फळीवरून एक पत्र्याची पेटी काढली. आत यंदाच्या चैत्रगौरीच्या आरासीचं सामान होतं. त्यात फितीच्या झालरी होत्या, कातरीनं कापलेल्या, हळदीकुंकवाच्या पाण्यात रंगवलेल्या.

“ह्येंनीच आणून दिल्या हुत्या,” त्या म्हणाल्या. “वाया गेलेल्या हाईत म्हणाले. एक टेबलावर ऱ्हायली हुती, ती बी मी त्यातच घातली. मला काय ठावं त्यातली चांगली कुठली आन् वाईट कुठली?”

मी म्हटलं, “असू द्या वहिनी, मी पुन्हा लिहीन.” त्या झालर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

वर्गमुळाचा तो भाग मी लिहिला. तसा अवघड नव्हता. अंदाजानं एक आकडा धरायचा आणि तो सुधारत न्यायचा. पण त्याच्या हातची सफाई माझ्यात नव्हती. माझा सारखा अडकायचा, आणि ‘हे तू कसं केलं होतंस?’ असं विचारायला शेजारची खुर्ची रिकामी होती. अखेर एका दुपारी सगळे तुकडे जुळले. यंत्र बराच वेळ गप्प राहिलं आणि मग आकडे छापायला लागलं. मित्रानं हातानं सोडवून ठेवलेल्या एका लहान उदाहरणाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

मला त्या वेळी फार आनंद झाला. तो कागद घेऊन मी तसाच सायकलवर बसलो. त्याला बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं.

वाचा गेली होती तरी आकडे त्याला कळत होते. कागद मांडीवर पसरून तो डाव्या हाताचं बोट एकेका ओळीवरून खाली नेऊ लागला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा पूर्वीसारखा दिसत होता. शेवटच्या ओळींपाशी बोट थांबलं. तिथल्या दाबाच्या आकड्याआधी वजाची खूण होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा आकड्याकडं पाहिलं, आणि तेच बोट उचलून स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मला उमगलं नाही. कागदावर गावांची नावं नव्हती, नुसते क्रमांक होते.

“काय म्हणत्यात?” वहिनींनी विचारलं.

तो पुन्हा पुन्हा आकड्यावर आणि छातीवर बोट ठेवत राहिला. मग त्यानं कागद हळूच मांडीवरून खाली सोडला आणि मान खिडकीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरकडं जाऊन नकाशा पाहिला. शेवटचा क्रमांक त्याच्याच गावाचा होता. ठरलेले पंप आणि ठरलेले नळ पाणी तिथवर चढवू शकणार नव्हते. मी पुनःपुन्हा तपासलं. माझ्या वर्गमुळात चूक असावी अशी आशा होती. ती नव्हती.

इंजिनिअरनं आकडे नीट वाचले. “बरं झालं आधी कळलं,” तो म्हणाला. “नाहीतर नळ पुरून बसलो असतो. वरची गावं दुसऱ्या टप्प्यात घेऊ.”

दुसरा टप्पा मी सांगलीत होतो तोवर तरी आला नाही.

हिवाळ्यात त्याचा भाऊ पलटणीतून रजेवर आला आणि त्याला न् वहिनींना गावी घेऊन गेला. मी एकदाच तिकडं गेलो. तो ओसरीवर घोंगडीवर बसला होता, अंगानं निम्मा झालेला. त्याच्या बापानं मला गूळ दिला आणि विचारलं, “सायेब, त्येनं त्या मशिनीवर आमच्या पाण्याचं काम केलं म्हणत्यात, खरं हाय का?”

“खरं आहे,” मी म्हणालो. “त्यानंच केलं. खालच्या गावांना पाणी चाललंय.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. “खालच्यास्नी तरी मिळालं,” एवढंच तो म्हणाला आणि बैलांकडं गेला. वहिनी हंडा घेऊन विहिरीवर गेल्या होत्या. विहीर लांब होती. त्या येईपर्यंत मी मित्राशेजारी बसून राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेल्याचं मला कळलं, ते पंधरवडा उलटून गेल्यावर.