बांधावरची ड्रोनवाली

तिला मी एकदाच पाहिलं, नाव विचारायचं राहूनच गेलं. पेणहून रोह्याला निघालो होतो. वडखळजवळ शेताच्या बांधावर गर्दी दिसली म्हणून स्कूटर थांबवली. मधोमध चाळिशीतली एक बाई उभी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात ड्रोनचा रिमोट. भातावर कीड पडली होती आणि खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, गुडघाभर चिखलात पाठीवर पंप घेऊन फवारणं म्हणजे जीव जातो. तिनं घरी केलेला निंबोळी अर्क जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून ड्रोनच्या टाकीत ओतला.

"गो, खाडीत पाडशील तं!" तिची सासू ओरडली.

"नाय पाडत, आई. तू बघ तं."

ड्रोन घरघरत वर चढला, तशी माणसं ओरडायला लागली. एवढ्यात खाडीकडून जोराचा वारा आला आणि यंत्र कलंडत पाण्याकडे सरकलं. तिनं ओठ दाताखाली दाबला. अंगठे मात्र हलकेच फिरत होते. ड्रोन सावरला, वळला आणि भाताच्या शेंड्यांवर धुक्यासारखा फवारा सोडत परतला. मी टाळ्याच वाजवल्या!

"भीती नाय वाटली?" ड्रोन उतरल्यावर मी विचारलं.

"वाटली तं! पण फवारणी करून कोरड्या पायांनी घरी जानारी आमच्या घरातली मी पयलीच हाय."

सासूनं रिमोटला हळूच बोट लावलं. "मला पन शिकव गो."

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं रिमोटचा पट्टा आपल्या गळ्यातून काढला आणि सासूच्या गळ्यात घातला.