आक्काची सुई आणि हरवलेली सात पानं

आक्का शिंप्याची बायको, त्यामुळे तिच्या पर्समध्ये सुई कायमची. साधीसुधी नव्हे, कोटाची बटणं लावायची जाडजूड सुई, मोठ्या नेढ्याची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती आर्किटेक्टच्या ऑफिसात टायपिंगला लागली, त्या दिवशी नवऱ्याने ती तिच्या हातात ठेवली. म्हणाला, "कागदाला टाचणी मारणारी माणसं घाईची असतात. तू आपली शिवून देत जा."

तेव्हापासून त्या ऑफिसातला एकही करार आक्काने शिवल्याशिवाय बाहेर पडला नाही. कुणाचं घर, कुणाचं दुकान, कुणाचा दवाखाना. बांधायच्या आधी मालक आणि ठेकेदार यांच्यात काय ठरलं, ते सगळं तिच्या हातून कागदावर उतरायचं. मोठे साहेब नकाशे काढायचे आणि म्हणायचे, "भिंत माझी, शब्द आक्काचा." साहेब थकून घरी बसले, तशी त्यांची लेक ऑफिस बघू लागली. हुशार पोरगी. लहानपणी आक्काच्या टेबलाखाली बसून खडूने रेघोट्या मारायची, आता आक्का तिला ताई म्हणायची आणि तुम्ही-आम्ही करायची.

ताईंनी करार करायचं नवं सॉफ्टवेअर आणलं. जुनं महिनाअखेर बंदच होणार होतं, त्यांचाही नाइलाज होता. शिकवायला एक माणूस आला. दोन तासांत असा काही भरधाव शिकवून गेला की त्याचा चहासुद्धा निवायचा राहिला. जुने करार नव्यात उघडेनात. कलमांचे नंबर बदलले. एक शब्द खोडला तर अख्खं पान लालेलाल! ऑफिसातला नकाशे काढणारा उंच, किडकिडीत गडी होता, त्याला सगळे पट्टी म्हणत. तो म्हणाला, "आक्का, कानामागून आलं आणि तिखट झालं की हो तुमचं मशीन!"

"मशीनला काय बोल लावतोस? तिखट लागतंय ते माझ्याच जिभेला."

सराव म्हणून तिने एक खोटा करार केला. मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं, ठेकेदार म्हणून नवऱ्याचं. एकदा लिहिलं की नाव सगळीकडे आपोआप जातं, एवढं मात्र तिला मनापासून आवडलं. छापलेलं पान घरी नेलं. नवऱ्याने चष्मा लावून वाचलं, "मालकास काम पसंत न पडल्यास सात दिवसांची नोटीस देऊन ठेकेदारास काढून टाकता येईल." चष्म्यावरून बघत म्हणाला, "चाळीस वर्षांनी सुचलं होय हे?"

हसणं झालं, पण आतून आक्का धास्तावली होती. दोनदा तिची फाइल कुठेतरी गडप झाली, एकदा दवाखान्याच्या करारात दुकानाच्या मालकाचं नाव आलं. मग एके दिवशी ताईंनी तिला बोलावलं आणि अगदी गोडीने म्हणाल्या, "आक्का, जड जात असेल तर फोनच्या टेबलावर बसा ना. पगार तोच राहील."

पगार तोच, पण अठ्ठावीस वर्षांचं टेबल? आक्का म्हणाली, "एक करार मला करू द्या, ताई. शाळेचा. त्यात चूक झाली तर मी आपणहून फोन घेते."

शाळेचा करार काही साधा नव्हता. जुन्या चार खोल्या पाडून नव्या बांधायच्या होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी दोन महिने डोकं खाऊन एक अट घालून घेतली होती. नव्या खोल्यांवर छप्पर चढेपर्यंत जुन्यांना हात लावायचा नाही, कारण मुलं तिथेच बसणार. तयार छापील करारात याच्या नेमकं उलट होतं. सही झाली की सगळी जागा ठेकेदाराच्या ताब्यात. म्हणून ही अट आणि तिच्यासारख्या बाकीच्या, अशा खास अटी आक्काने नेहमीच्या जागी लिहिल्या. 'टीप' म्हणून एक चौकोन असतो ना, त्यात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं ती तिथेच लिहायची, आणि तिथलं सगळं शेवटी छापून यायचं. नव्यातही तसाच चौकोन दिसला, तेव्हा तिला परक्या गावात माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. स्क्रीनवर तिने तीनदा वाचलं, ताईंनीही वाचलं. सगळं बिनचूक.

सहीचा दिवस उजाडला. दुपारी मुख्याध्यापिकाबाई आल्या, पाठोपाठ ठेकेदार आला. आत चहा गेला. आक्काने छापलेले कागद ठोकून सरळ केले, बोटाला शिंप्याची पत्र्याची टोपी चढवली आणि कोपऱ्यात सुई घातली.

सुई गेली. सहज. जोरच लावावा लागला नाही.

आक्काचा हात थांबला. ऑफिसचा करार म्हटला की सुई शेवटच्या पानांत अडायची, टोपीने रेटावी लागायची. अठ्ठावीस वर्षांची सवय त्या बोटाला.

"पट्टी, हे पातळ लागतंय रे."

"नवं मशीन बारीक छापतं. सुतावरून स्वर्ग गाठू नका, आक्का."

"स्वर्ग नको मला, शेवटचं पान हवंय." तिने गठ्ठा उलटा केला. शेवटच्या पानावर सह्यांच्या रेघा. त्यापुढे काही नाही. खास अटींची सात पानं नव्हतीच. नव्यातली टीप ही नुसती ऑफिसाने आपसात वाचायची असते, स्क्रीनवर दिसते, छापत नाही. हे त्या भरधाव माणसाने सांगितलं नव्हतं, आणि आक्काने विचारलं नव्हतं.

आतून ठेकेदाराचा आवाज आला, "सोमवारी पाडायचं मशीन आणतो, चारही खोल्या एका दिवसात साफ!" बाईंना वाटलं तो गंमत करतोय, त्या हसल्या.

पट्टी हळूच म्हणाला, "छपाई अडकली म्हणून सांगा. अटी घाला, परत छापा. कुणाला कळतंय?"

मोह काय आक्काला झाला नाही? झाला. टेबलाकडे बघितलं तिने, त्याच्याखालच्या त्या जागेकडेही, जिथे एक पोर कधी खडूच्या रेघोट्या ओढायची. पण हाच अपुरा करार ठेकेदाराकडे आधीच गेला असला तर? आणि उद्या ताईंनीच तशी टीप लिहिली तर? ती उठली आणि तडक आत गेली.

"अगं, थांब, सही करू देऊ नकोस कुणाला!" घाईत तिचं ताई आणि तुम्ही दोन्ही दारातच गळून पडलं. "खास अटी छापल्याच नाहीत. मी चुकीच्या चौकोनात लिहिल्या. चूक माझी आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी हातातलं पेन हळूच टोपण लावून ठेवलं. ठेकेदार खाकरला, "मी छापील करारच धरून चाललो होतो."

ताई उठल्या आणि आक्काच्या टेबलाशी आल्या. दोघींनी मिळून अटी त्या चौकोनातून उचलून करारात बसवल्या. आक्का वाचत गेली, ताई बटणं दाबत गेल्या. मध्येच ताई पुटपुटल्या, "स्क्रीनवर मीसुद्धा वाचलं होतं. मला तरी कुठे माहीत होतं?"

परत छापलं. आक्काने सुई घातली. शेवटच्या पानांत ती अडली, टोपीने रेटावी लागली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी छपराची अट बोट ठेवून दोनदा वाचली, मग सही केली. ठेकेदाराने तोंड वाकडं करून का होईना, केली.

ते गेल्यावर आक्काने चष्मा, पाण्याची बाटली, कुंडीतलं रोपटं, सगळं उचललं आणि फोनच्या टेबलाकडे निघाली.

"कुठे निघालात?" ताईंनी विचारलं.

"शब्द दिला होता."

"सही झाली त्या कागदात चूक आहे?"

"त्यात नाही."

"मग ठेवा ते रोपटं जाग्यावर. आणि आक्का, आजपासून स्क्रीनवर सही होणारा करारसुद्धा आधी छापायचा. तुमची सुई जाऊ दे त्यातून."

तेवढ्यात फोन वाजला. पट्टीने आक्काकडे बघितलं, आक्काने पट्टीकडे. शेवटी फोन त्यानेच उचलला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, सुई उजेडात धरली, टोक बोटावर तपासलं.

"बोथट झाली गं. नवी देतो."

"हात नको लावूस," आक्का म्हणाली. "नवी कुठेच अडायची नाही, मग पानं कमी आहेत हे मला कळायचं कसं?"

"बरं, बाई. पण माझ्या त्या सात दिवसांच्या नोटिशीचं काय?"

"ती कुठे शिवलीये अजून?" म्हणत तिने सुई परत पर्समध्ये टाकली.