चित्र दिसलं तरच उघडा

गेल्या वर्षी मी एक पाटी लिहिली. लॅबच्या काउंटरवर, पेशंटच्या डोळ्यांसमोर येईल अशी, मराठीत आणि हिंदीत: 'मेलवर आमचं चिन्ह दिसलं तरच उघडा. नसेल तर डिलीट करा.' खाली सही नव्हती, पण माधवगंजात सगळ्यांना ठाऊक होतं की पाटी माझी. काकांच्या पॅथॉलॉजी लॅबमधलं कंप्युटरचं सगळं मीच बघते. ती पाटी आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पाटीला कारण होतं. कुणीतरी नालायक आमच्या नावाने खोटे मेल पाठवत होता. 'तुमचा रिपोर्ट तयार आहे, इथे दाबा', आणि दाबलं की फोनमध्ये भलतंच काहीतरी शिरायचं. दोन पेशंट येऊन काकांना वाटेल ते बोलून गेले. मग मी आठवडाभर खपून मेलचा बंदोबस्त केला. मेल खरोखर आमच्याकडूनच निघाला का, वाटेत कुणी त्यात फेरफार केला का, हे पोचवणाऱ्या कंपनीला तपासता यावं आणि खोटा असेल तो तिने परस्पर अडवावा, अशी सगळी व्यवस्था. त्यात पास झालं की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी आपलं चिन्ह झळकतं, असं मी वाचलं होतं. आमचं चिन्ह म्हणजे गोलात सूक्ष्मदर्शक आणि वर श्री.

हे श्री मधे कडमडलं. काकांनी लॅब काढली तेव्हा वकिलाने चिन्हाची सरकारदरबारी नोंद केली होती, ती नुसत्या सूक्ष्मदर्शकाची. पण आमच्या घरातून वाण्याची यादीसुद्धा श्री लिहिल्याशिवाय बाहेर पडत नाही. काकांनी पेंटरला सांगून बोर्डावर श्री घालून घेतलं आणि पुढे सगळीकडे तेच चिन्ह गेलं. मेलसाठी चिन्हाचं प्रमाणपत्र मागवलं तर देणाऱ्यांनी अर्ज परत केला. नोंदीतलं चिन्ह आणि हे चिन्ह एक नाही, म्हणे. मी काकांना म्हटलं, मेलपुरतं श्री काढू या. काका पेपरातून मान वर न करता नाही म्हणाले. मीही फार ताणलं नाही. प्रमाणपत्र नसलं तर नावापुढची निळी खूण तेवढी येत नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला, कारण माझ्या फोनवर चिन्ह दिसत होतं. काकांच्या फोनवरही दिसत होतं. आमचे दोघांचे मेल एकाच कंपनीचे आहेत, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. त्याच दुपारी मी पाटी लिहिली.

पुढच्या आठवड्यात बाई रक्त द्यायला आल्या. गोरखीच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. उत्तर बरोबर आणि मधली पायरी गाळलेली असेल तर अर्धे मार्क कापायच्या. आता दर्पण कॉलनीत एकट्या राहतात, गुडघे गेलेले, त्यासाठी रोज दोन गोळ्या. डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी सांगितली होती. मी स्वतः त्यांना पाटी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मला शाबास म्हणाल्या.

अकरा दिवसांनी त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा पाय चपलेत मावत नव्हते. रिपोर्टला यावेळी इतका उशीर का, असं विचारायला आल्या होत्या. मी कंप्युटरवर पाहिलं. रिपोर्ट त्याच संध्याकाळी गेला होता, पोचलाही होता. मी त्यांना तसं म्हटलं.

"आलं होतं एक," बाई म्हणाल्या. "पण त्यावर चित्र नव्हतं. तूच तर सांगितलं होतंस, चित्र नसेल तर खोलायचं नाही. मी डिलीट केलं, आणि खऱ्या मेलचा इंतजार करत बसले."

त्यांचा मेल दुसऱ्या कंपनीचा होता. तिथे आमच्या चिन्हाच्या जागी एक राखाडी गोल आणि त्यात एक अक्षर, झालं. काकांनी पडद्यावर आकडे पाहिले आणि तसेच बाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर गुडघ्याच्या त्या गोळ्या बंद केल्या, मूत्रपिंड त्याच बिघडवत होत्या. रिपोर्ट वेळेवर वाचला असता तर अकरा दिवस आधीच बंद झाल्या असत्या. बाई चार दिवस दवाखान्यात होत्या. थोडं नुकसान आधीच झालेलं होतं, पण या अकरा दिवसांत गेलं ते आता भरून येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काका मला हे सांगत नव्हते. मी खनपटीला बसून वदवून घेतलं.

मग माझं डोकं फिरलं. प्रमाणपत्रवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय गोड आवाजात म्हणाला की चिन्ह दाखवायचं की नाही हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. एक कंपनी प्रमाणपत्राशिवाय दाखवते. दुसरी प्रमाणपत्र मागते. तिसरी काही केलं तरी दाखवत नाही. चौथी फोनवर दाखवते, कंप्युटरवर नाही. सगळ्या तपासण्या पास होऊनही दिसेलच अशी हमी कुणी देत नाही, आणि दिसलं नाही तर पाठवणाऱ्याला कुणी कळवतही नाही. मग ही थेरं कशाला मांडलीत, असं मी ओरडले. त्याने माझी तक्रार नोंदवून घेतली.

काकांवरही ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. पूर्वी रिपोर्ट वाईट असला की काका स्वतः फोन करायचे. मेल सुरू झाले आणि ती पद्धत आपोआप बंद पडली. ती का बंद पडू दिलीत, म्हणून मी त्यांना फाडफाड बोलले.

"श्री काढून टाक," काका एवढंच म्हणाले. आता छापील रिपोर्टवर ते पेनाने श्री लिहितात, आणि संध्याकाळी वही घेऊन फोन करायला बसतात. पाटी मी त्याच दिवशी फाडली. काका एका शब्दाने मला बोलले नाहीत, बाईही नाहीत. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. पायरी मी गाळली होती, आणि मार्क त्यांचे कापले गेले.

दीड महिन्याने प्रमाणपत्र आलं. बाईंच्या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट गेला त्या संध्याकाळी मी फोन हातातच धरून बसले होते, पण त्यांचाच आधी आला. आवाजात कौतुक होतं, मी फळ्यावरचं गणित सोडवलं की असायचं तसं.

"आलं बघ तुझं चित्र," बाई म्हणाल्या. "आता खोलू?"