बिनसायीचं दूध

धाकटी पोर पोटातनं भाईर आली आन माझा श्वास आत अडकला, असं मी सगळ्यांना सांगायची आन सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं. विहिरीवरनं एक हंडा आणायचा तर मी मधी दोनदा बसायची, एकदा चिंचेखाली आन एकदा आमच्याच पायरीवर, आन बसले की छातीत असं धडधडायचं की वाटायचं हा आवाज शेजारच्या घरात पण जात असंल. पोर तवा चार महिन्यांची होती, अंगावर पीत होती. मी रोज देवाला एकच बोलायची, मला काय करायचं ते कर, पण हिचं पिणं सुटंपर्यंत थांब.

आमचे हे मोहोपाड्याला केमिकलच्या कंपनीत जायचे, पाळीचं काम. त्यांनी एकदा मला पायरीवर बसलेली बगितली. तोंड उघडं, घामानं भिजलेली, भरलेला हंडा बाजूला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आन एस.टी.नं खालापूरला घेऊन गेले, एका डॉक्टरीणबायकडं.

तिनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, डोळ्याची पापणी खाली ओढली, पाय बोटानं दाबला तर तिथं खड्डा पडला आन तो बराच वेळ तसाच राहिला. मी त्या खड्ड्याकडं बगतच राहिले, आपलंच अंग हाय का हे, का मळलेलं पीठ. मग बोलली, "काट्यावर उभी राहा." मी जल्मात काट्यावर चढले नव्हते. काट्यावर भाताच्या गोण्या चढतात. चढले तर काटा गरकन फिरला आन चौऱ्याहत्तरवर थांबला.

"लग्नात किती होतीस?"

"मला काय ठावं, मला कोण मोजणार?"

ती हसली. मग बोलली, "हृदय चांगलं आहे तुझं. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या देते. पण तुझ्या उंचीला हे वजन फार झालं. हे उतरलं नाही तर दम असाच राहील, आणि पुढं त्रास वाढेल." ती 'पुढं' बोलली आन मला त्याच्या पुढचं काय ऐकूच आलं नाय, माझ्या डोळ्यासमोर दोन पोरी, एक पाळण्यात आन एक दारात उभी.

मग तिनं इचारलं काय खातेस. मी सांगितलं, डिंकाचे लाडू, खोबरं, भातावर तूप, आन दूध.

"दूध कसलं?"

"घरचं."

"अगं घरचं, पण म्हशीचं का गाईचं?"

"म्हशीचं. सकाळी एक तांब्या, सांजचा एक तांब्या."

तिचं पेन थांबलं. मला वाटलं आता दूध बंद कर बोलणार, आन मी तिथंच रडायला लागले, की बाय, दूध बंद केलं तर माझ्या पोरीनं काय प्यायचं. तिनं माझा हात धरला, बोलली, "दूध बंद नाही करायचं. दूध बदलायचं. म्हशीच्या दुधात लोणी फार. गाईच्यात त्याहून कमी. आणि तापवून, गार करून साय काढलीस तर आणखी कमी. पण हाडांना आणि अंगाला लागतं ते त्यात राहतं. तू साय काढलेलं दूध पी, तांब्याभर नको, एक कप."

मी चौथीपर्यंत शिकलेय, गाईवर निबंध पण लिहलाय, पण दुधा-दुधात असा फरक असतो, आन त्यातलं लोणी काढून घेतलं तरी ताकद मागं राहते, हे मला कवा कुणी सांगितलं नव्हतं. मग ती ताकद दिसती कुठं? एस.टी.त बसून मी सगळी वाट तोच इचार करत होते. घरी आल्यावर म्हशीची धार काढलेली तांबडी चरवी भरून होती, वर फेस, आन मी तिच्यावर वाकून बगत बसले, जशी काय मी ती आज पैल्यांदाच बगते.

सासूबाय, मी त्यांना आय बोलते, चुलीकडनं बोलल्या, "काय पडलंय का त्यात?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, फुंकणी खाली ठेवली. "डॉक्टरीणबायला पोरं हायेत का?"

"इचारलं नाय."

"मग काय इचारलंस? बाळंतीण बाय पातळ दूध प्यायली तर तिच्या अंगाला पातळच येणार. आन पातळ येता येता एक दिवस येनासं होतं. मग पोर धरून बस रडत."

आन हेच मला पण वाटत होतं, म्हणून मला राग नाय आला, उलट भीती दुप्पट झाली. वजन ठेवलं तर मी जाते, वजन उतरवलं तर पोरीचं दूध जातं.

ह्यांनी आपल्या परीनं तोड काढली. कंपनीच्या कॉलनीत दुधाच्या बाटल्या यायच्या, वर चमकीच्या कागदाचं बूच, तिथल्या एका सायबाच्या बायकोला सांगून एक बाटली घेऊन आले. काचेतनं दूध कसं एकसारखं दिसत होतं, वर एक रंग खाली एक रंग असं नाय. ते बोलले, ह्याच्यातलं लोणी आधीच कमी केलंय, मशिनीनं, आन वरनं पावडर घातलीय. मी बाटली उजेडात धरली. दुधाची पावडर करायची आन पावडरीचं परत दूध. बापरे.

आय बाटलीच्या भोवती फिरून आल्या. "रं, ह्या दुधाची म्हस कुठं बांधलीय?"

"आये, म्हशी खूप असतात, सगळ्यांचं एकत्र करतात."

"म्हंजे हिच्या आयशीचा पत्ताच नाय," त्या बोलल्या, आन बाटली मांजराच्या वाटीत ओतून दिली. मांजरानं पिऊन टाकलं. पण माणसाला द्यायचं नाय हे त्यांचं ठरलं होतं, आन रोज मोहोपाड्याहून काचेची बाटली एस.टी.तनं आणायची तरी कशी.

मग ठरलं, घरच्याच दुधाची साय काढायची. आयनी ते काम स्वता अंगावर घेतलं. पटलं नाय तरी हातचं काम कवा वाईट करायच्या नायत त्या. दूध तापवायच्या, टोपावर जाळीचं झाकण, सकाळपर्यंत थंड, मग झाऱ्यानं अशी अलगद साय उचलायच्या की भाकरीसारखी अख्खी वर यायची, आन खाली दूध राहायचं ते निळसर. मला ते निळं बगून दर वेळेला नवल वाटायचं. मी कप भरून प्यायची, तोंड वाकडं न करता, औषध म्हणून.

दोन महिने असं केलं. मधी एक गोष्ट झाली ती सांगते.

वरच्या वाडीची एक बाय मोळी विकायला यायची, डोक्यावर तिच्या उंचीइतकी लाकडं आन पाठीला झोळीत पोर. ती डोंगर उतरून यायची आन तिचा श्वास माझ्या बसल्या श्वासापेक्षा हळू चालायचा. एक दिवस ती अंगणात पोराला पाजत बसली. पोर कसं गुटगुटीत, हाताला वळ्या. मी तिला पाणी दिलं आन इचारलं, "गं बाय, तू दूध कुठलं पितेस?"

"मी? मी नाय पीत."

"गाय नाय तुमच्याकडं?"

"हाय ना. दोन हायेत. पण ते वासराचं, आमी नाय पिळत." तिनं माझ्याकडं असं बगितलं जसं काय चोरी करतेस का असं मी इचारलं. "वासराच्या तोंडचं आपण कसं घ्यायचं?"

"मग ह्याला एवढं येतं कुठनं?"

ती हसायला लागली. "मला काय ठावं कुठनं. नाचणीची भाकर खाते, कंद खाते, डाळ असंल तर डाळ. पोर ओढतं, येतं."

ती मोळी विकून गेली पण मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तिथंच. सबंध जल्मात दूध न प्यालेली बाय, आन तिच्या अंगाला दूध. मला कुणी सांगितलं असतं की दगडाला पान फुटलं तरी मी एवढी गप झाले नसते. मी आयना सांगितलं. त्या बोलल्या, "डोंगरातल्यांचं वेगळं," आन झाऱ्यानं साय काढायला लागल्या. पण त्या दिवशी त्यांचा हात थोडा थांबला होता, मी बगितलं.

दोन महिन्यांनी ह्यांना वाटलं वजन बगावं. खालापूरला जायचं तर दिवस मोडतो, म्हणून भाताच्या गिरणीत गेलो. गिरणीवाला बोलला, "वैनी, भात कुठाय?" हे बोलले, "भात नाय, वैनीलाच मोजायचंय." सगळी गिरण हसली. मी लाजून काट्यावर चढले, वर गोण्यांचा भुसा उडत होता. गिरणीवाला काटा बगून बोलला, "अवो, ही गोणी कोरडीच हाय ना? शहात्तर."

शहात्तर. दोन किलो वाढले होते. मला वाटलं आता माझं काय खरं नाय, औषधाचं दूध पण मला लागू पडत नाय.

दुसऱ्या दिवशी खालापूर. ह्यावेळी आय पण आल्या, पोर त्यांच्या कडेवर. डॉक्टरीणबायनं काटा बगितला, कपाळाला आठ्या. "साय काढत होतीस ना?"

"रोज. आय काढतात. जरा तवंग ठेवत नाय."

"मग काढलेल्या सायीचं काय करता?"

"खाते."

"कोण खातं?"

"मी."

तिनं पेन खाली ठेवलं. आय पुढं झाल्या, त्यांना वाटलं सून नीट सांगत नाय. "बाय, आमच्यात तान्ह्या पोराची आय असंल तर साय तिची. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाय, घरच्या मालकानं पण नाय. तुमी बोललात साय काढ, मी काढली. वाटीत ठेवली, वर साखर घातली, हिला दिली. तुमी दूध बिनसायीचं सांगितलंत. साय खाऊ नको असं कुठं बोललात?"

डॉक्टरीणबाय हसायला लागली ती चष्मा काढून डोळे पुसंपर्यंत, शेजारच्या खोलीतनं नर्स बगायला आली. "अगं, तू सगळं दूध तेच प्यालीस, फक्त दोन भांड्यांतनं!" मी पण हसले, काय करणार, आन हसता हसता दम लागला आन खोकायला लागले. तशी ती हसायची थांबली.

मग तिनं नीट सांगितलं. साय माझ्या तोंडात नाय, तिचं तूप करा, घरातल्यांना घाला. शेजारी गाय असंल तर तिचं दूध घ्या, त्याची पण साय काढा, एक कप, साखर नाय. ताक कितीपण. भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर, उपाशी राहायचं नाय. लाडू बंद.

आयनी पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आन हिचं आटलं म्हंजे?"

"नाही आटणार."

"आन आटलं म्हंजे?"

डॉक्टरीणबायनं आयच्या कडेवरच्या पोरीकडं बोट केलं. "दर पंधरा दिवसांनी पोरीला घेऊन या. इथं वजन करू. एकदा जरी घटलं तर तुमचं म्हणणं खरं, तुम्ही सांगाल ते दूध सुनेला द्या."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठावं. पोर जरा जास्त रडली की मी गार पडायची. पाजताना बोटानं तिचा गाल दाबून बगायची, गिळती का. आय बगायच्या. शेजारच्या गाईचं दूध त्याच आणायच्या, साय त्याच काढायच्या, आन ती वाटी पाठ करून उचलायच्या, जशी काय माझ्यापासनं लपवून.

पैल्या पंधरवड्याला गेलो. फडक्याची झोळी, वर काटा, पोर झोळीत लोंबकळत, पाय झाडत. काट्याकडं मी बगितलंच नाय, मी आयच्या तोंडाकडं बगत होते.

"वाढली," नर्स बोलली. "पाव किलो."

"परत करा," आय बोलल्या. नर्सनं परत केलं. "तितकंच." "आणखी एकदा." तिसऱ्यांदा पोरीनं झोळी भिजवली. मग मी मोठ्या काट्यावर चढले. एक किलो उतरलं होतं. एक किलो म्हंजे काय, कुणाला दिसणार पण नाय, पण माझं मला वाटलं कुणीतरी कमरेवरची कळशी खाली घेतली.

आय मात्र तिथंच उभ्या, पोरीचं ओलं फडकं हातात. मग हळूच बोलल्या, "बाय, हिचं पातळ दूध पिऊन आटलं नाय. मग माझं का आटलं?"

मला ठावंच नव्हतं. सात वरसं त्या घरात हाय मी, मला कुणी बोललं नव्हतं. ह्यांच्या आधी आयना एक पोर होतं, दुधावाचून गेलेलं.

डॉक्टरीणबायनं इचारलं, "तेव्हा तुम्ही काय खात होतात, आई?"

"काय खाणार. त्या साली भात आलाच नाय. पेज असायची, तीपण सगळ्यांची झाल्यावर. पण मला दूध मिळालं नाय म्हणून आटलं, असंच सासू बोलायची माझी. मला तेच वाटत आलं."

"दूध न मिळाल्यानं नाही. तुमचं पोटच रिकामं होतं. तुमची चूक नव्हती ती."

आयनी मान हलवली, म्हंजे हो का नाय ते मला कळलं नाय.

एस.टी.ला वेळ होता. पोर भुकेनं ओरडायला लागली. मी स्टँडच्या कट्ट्यावर बसले, आयनी आपला पदर पसरून आडोसा केला आन पदराच्या आत वाकून बगायला लागल्या, एवढ्या जवळनं की त्यांचा श्वास माझ्या हाताला लागत होता. पोर गटागटा पीत होती. नाचणीची भाकरी, ताक, एक कप निळं दूध, एवढंच मी सकाळपासनं खाल्लं होतं.

"येतंय गं," आय बोलल्या. "बग, ओठाच्या कडेनं सांडतंय."

मी पण वाकून बगितलं. खरंच सांडत होतं.