टिकली लावलेली चिप

ज्या लॅबमध्ये मी गेली बावीस वर्षं शिकवतो आहे, तिथली नोकरी माझ्या वाट्याची नव्हती. हे मी घरीही कधी बोललो नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मायक्रोप्रोसेसर नावाचा विषय आमच्याकडे नुकताच आला होता. कॉम्प्युटर म्हणजे एक उघडं हिरवं बोर्ड, त्यावर वीस-पंचवीस बटणं आणि सहा लाल आकडे. पडदा वगैरे काही नाही. आज्ञा कागदावर लिहायच्या, तक्त्यात पाहून प्रत्येकीचा कोड शोधायचा आणि एकेक कोड बटणं दाबून भरायचा. एक चुकला की सगळंच भलतीकडे जायचं. आम्ही सगळे तक्त्यात बोट घालून बसायचो. माझा प्रोजेक्टमधला जोडीदार मात्र तक्ता उघडतच नसे. कुहीकडच्या खेड्यातला, घरी धानाची शेती. बसच्या तिकिटाच्या मागे कोड लिहीत यायचा.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे प्लायवुडची तीन मजल्यांची लिफ्ट. वायरिंग माझं, प्रोग्राम त्याचा. विभागप्रमुख त्याला माझ्यासमोरच म्हणाले होते, "परीक्षकांपुढे हे नीट चाललं, तर लॅबमधली डेमॉन्स्ट्रेटरची जागा तुझी." त्याने घरी सांगूनही टाकलं होतं.

वीज गेली तरी प्रोग्राम टिकावा म्हणून तो एका चिपमध्ये कायमचा भरायचा असे. त्या चिपला मधोमध काचेची खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत गेले की भरलेलं पुसलं जातं, म्हणून खिडकीवर काळी टेप लावतात. त्या दिवशी लॅबमधली टेप संपली होती. त्याने पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं. बहिणीचं लग्न होतं, त्यासाठी सीताबर्डीवरून घेतलेलं. त्यातली मोठी मरून टिकली त्याने खिडकीवर दाबून बसवली.

"झाली नवरी तयार!" मागून कोणीतरी ओरडलं. "आता कुंकवाचा धनी कोण बे हिचा?"

"आधी पास तर होऊ दे तिले," हा म्हणाला.

लिफ्ट त्या दिवशी पंचवीसदा वरखाली गेली. एकदाही चुकली नाही. मग तो लग्नाला दहा दिवस गावी गेला आणि बोर्ड माझ्या हवाली करून गेला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्युनिअर वर्गातल्या दोन मुली लॅबमध्ये आल्या. "त्या काचेतून आतलं सर्किट दिसतं म्हणे?" एकीने विचारलं. मला तेवढं पुरलं. नखाने टिकली सोलली, खोलीत अंधार म्हणून बोर्ड उघड्या खिडकीत उन्हात नेऊन ठेवलं आणि हातात भिंग घेऊन त्यांना बराच वेळ काहीबाही समजावत बसलो. त्या गेल्या. मी शेजारच्या लॅबमध्ये खसच्या कूलरसमोर जाऊन बसलो. बोर्ड तिथंच राहिलं. एक दिवस नाही, आठ दिवस. नागपूरचा मे महिना, पश्चिमेची खिडकी.

आठवलं तेव्हा बोर्ड आत आणलं. टिकलीचा डिंक गेला होता, तिला गोंद लावून परत चिकटवली. चिप पुसायच्या अतिनील दिव्याखाली धरल्याशिवाय नुसत्या उन्हाने काही पुसलं जात नाही, असं मनाशी घोकलं. पण चालवून पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही, हे आज लिहितो.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो आला. हळदीचे हात तसेच.

"एकदा चालवून पाहू का गा?"

"काहीले हात नको लावू. वायर हलन एखादी."

त्याने ऐकलं. वायरिंगमधलं मला जास्त कळतं, असं तो मानायचा.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे लिफ्ट वर गेली आणि थांबेचना. छताला टेकली तरी मोटर गरगरत राहिली, शेवटी दोरा तुटला.

"वायरिंग कोणाचं?" परीक्षकांनी विचारलं.

"माझं."

"तपासलं, ठीक आहे. प्रोग्राम?"

"ह्याचा."

दोन्ही उत्तरं खरी होती. माझ्या आयुष्यात इतकं खरं मी पुन्हा क्वचितच बोललो असेन.

"सर, दहा दिवसांआधी चालून राहिला होता," तो म्हणाला.

"कधी चालतो, कधी नाही, म्हणजे चूक तुझ्या लॉजिकमध्येच आहे," परीक्षक म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

जागा मला मिळाली. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती चिप वाचून काढली आणि त्याच्या कागदाशी ताडून पाहिली. बऱ्याच ठिकाणी शून्याचा एक झाला होता. एका जागी सी-टू या कोडचा सी-ए झाला होता. म्हणजे 'उत्तर शून्य नसेल तर परत जा' याचं 'शून्य असेल तर परत जा'. एका शून्याचा फरक. कागदावर त्याची एकही चूक नव्हती. मी चिप दिव्याखाली ठेवली आणि उरलेलंही पुसून टाकलं.

तो सावनेरकडे कोळशाच्या खाणीत विजेच्या कामावर लागला. भेटला की एकदा तरी विचारायचाच, "काहून गा, कुठं चुकलं असन माझं?" मी म्हणायचो, "जाऊ दे ना, जुनं झालं आता." पुढे खाणीत कॉम्प्युटर आले तेव्हा त्याने ट्रेनिंगला जायचं नाकारलं. आपलं डोकं त्यातलं नाही म्हणाला.

मागच्या महिन्यात त्याच्या मनीषनगरच्या घरी गेलो होतो. बारावी झालेली मुलगी प्रवेशाचा फॉर्म घेऊन बसली होती. तिला इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर शाखा घ्यायची होती.

"तूच सांग गा इले," तो मला म्हणाला. "आपल्या घराण्यात ते डोकं नाही. मी आपटलो ना त्यात. सिव्हिल घे म्हणा."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी सांगायला लागलो. टिकली, खिडकी, ऊन, त्याला हात लावू दिला नाही ती संध्याकाळ, सी-टू आणि सी-ए. काही गाळलं नाही. त्याची बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

तो म्हणाला, "म्हणजे तुले पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"हो."

तो मुलीकडे वळला. "भर वं. कॉम्प्युटरच भर."

ती लिहायला लागली. तो तिच्या पेनाकडे बघत होता. माझ्याकडे न पाहताच म्हणाला,

"तुम्ही निघा आता, सर."